पोशीरच्या भिंतीवरचा कागद

खालापूर
१४ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. मैना हीस,
सहदेवचे अनेक आशीर्वाद.

आज सोमवार. सकाळी साडेसातला बाहेर पडलो. एस.टी. स्टँडवर दोन पोस्टर लावले, कचेरीच्या कंपाउंडला एक, बाजारात पाच आणि हायवेवर ट्रक थांबतात त्या चहाच्या हॉटेलाजवळ तीन. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी अहवाल लिहिला. हवा कोरडी आहे, कागद चांगले बसले.

शनिवारी तुझ्याकडून निघालो तो कर्जतला गाडी लगेच मिळाली. भाऊबीज चांगली झाली. माझी भागी वारल्यापासून सणाचं जेवण तुझ्याकडेच होतं.

तुझ्या भिंतीवर लावलेला पोस्टर नीट आहे का, कळव. दहिवराने वरचे कोपरे सुटतात. सुटले तर भाताच्या पेजेने दाबून टाक. तू विचारलं होतंस, आमच्याच भिंतीवर कशाला? मी तेव्हा हसलो. पण कारण साधं आहे. नेरळहून येणारी गाडी तुझ्या दाराशी थांबते. चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस पाच-दहा मिनिटं त्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो. पोशीरमध्ये याहून चांगली भिंत नाही. एड्स हा रोग आपल्याकडे नवा आहे. मुंबईत आला आहे, म्हणजे रस्त्याने इकडेही येईल. लोकांना आधी कळलं पाहिजे, एवढंच आमचं काम. बारा पोस्टर मिळाले होते. एक माझ्या बहिणीच्या घरावर लागला याचं मला समाधान आहे.

गोमाजींची थुंकीची बाटली तपासायला दिली आहे. बारा वर्षं ट्रकवर काढली, वेळेवर जेवण नाही, झोप नाही, खोकला होणारच. काळजी करू नये. रिपोर्ट आला की कळवतो.

चि. जनीस आशीर्वाद. कोंडाण्याची मंडळी तिला बघायला कधी येणार तेही लिही.

तुझा,
सहदेव


पोशीर
२८ नोव्हेंबर १९८८

ती. मामांस,
जनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई सांगते तसं मी लिहिते आहे. तुमचं पत्र पोचलं. झोडणी चालू आहे. यंदा आपल्या खळ्यावर सावडीला तिघंच आले. दरवर्षी आपण दहा-बारा घरी जातो आणि तेवढी माणसं आपल्याकडे येतात. यंदा आम्ही सगळ्यांकडे गेलो, पण आपल्या पाळीला कुणाला ताप होता, कुणाला कर्जतला काम होतं. आई म्हणते, असू दे, उशीर झाला तरी भात कुठे पळून जात नाही.

पोस्टर चांगला आहे. लोक थांबतात, वाचतात, आपल्या दारात डोकावतात. पदूकाकांनी तर बोट लावून सगळा वाचला. मला म्हणाले, "ए जने, ह्यो कागद कुनी लावला गं?"

म्हटलं, "मामांनी."

"सोता?"

"हो, स्वतः. खळसुद्धा आमच्या चुलीवर केली."

"आन गावात अजून कुठं लावला?"

म्हटलं, "कुठं नाय. एकच होता." मग ते पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

एक गंमत झाली. धोंडूबाईच्या शेळीनं पोस्टरची खालची पट्टी खाल्ली. बारीक अक्षरांची होती ती. खळ गोड लागली असेल. मी धोंडूबाईला म्हटलं, "तुझी शेळी आता डॉक्टरीण झाली." ती हसली नाही. एरवी किती हसते.

बाबांचा खोकला तसाच आहे. आई म्हणते, रिपोर्ट कळवताना कार्डावर लिहू नका, बंद पत्रात लिहा. कार्ड थांब्यावर सगळे वाचतात.

आईचे आशीर्वाद आणि माझा पुन्हा नमस्कार.

आपली,
जनी


खालापूर
७ डिसेंबर १९८८

चि. सौ. मैना हीस,
अनेक आशीर्वाद.

आज डॉक्टर सुट्टीवर होते. सकाळी दोन शाळांत लसी दिल्या. दुपारी रिपोर्ट हातात आला, म्हणून लगेच लिहितो.

गोमाजींना टीबी आहे. घाबरण्याचं कारण नाही. टीबीला पक्कं औषध आहे. दोन महिने सुया आणि दीड वर्ष गोळ्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. बरं वाटलं तरी थांबवायची नाही. नेरळला त्यांचं कार्ड काढून ठेवण्याची व्यवस्था मी केली आहे. महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतील. ताट-पेला वेगळा ठेवा, थुंकी राखेच्या डब्यात, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा ट्रकवर बसतील, हे मी लिहून देतो.

लोक पोस्टर थांबून वाचतात हे वाचून बरं वाटलं. मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, कर्मचाऱ्याने आपल्या नातेवाइकांच्या घरापासून सुरुवात केली, हे उदाहरण चांगलं आहे. शेळीचं वाचून हसलो. खळीत मोरचूद घालायला विसरलो होतो, मोरचूद असला की जनावर तोंड लावत नाही.

सावडीचं मनाला लावून घेऊ नकोस. लोक आता खोपोलीच्या कारखान्यांत जातात. पूर्वीचं पोशीर राहिलं नाही. देवीच्या साथीत मी तिथे होतो तेव्हाची शिस्त आठवते. हिरूच्या मुलाला देवी आल्या, मी त्याच्या दाराशेजारी चुन्याचं वर्तुळ काढलं आणि सांगितलं, या घरात जायचं नाही. सहा आठवडे कोणी उंबरा ओलांडला नाही. विहिरीवरसुद्धा त्यांचं पाणी लोक लांबून ओतून देत. मग मीच ओल्या फडक्याने वर्तुळ पुसलं, चार माणसांसमोर म्हटलं, "घर मोकळं." त्याच संध्याकाळी हिरूकडे लोक विस्तव मागायला गेले. एका खुणेवर सगळं गाव चालायचं. आता कोण ऐकतं?

गोमाजींना माझा नमस्कार सांग. गोळ्या सुरू झाल्याचं कळव.

तुझा,
सहदेव


पोशीर
३ जानेवारी १९८९

ती. मामांस,
जनीचा शि. सा. नमस्कार.

आई सांगते ते लिहिते. बाबांच्या गोळ्या आणल्या. सुईला चार वेळा नेरळला गेले, आता म्हणतात गाडीत दम लागतो. गोळ्या चालू आहेत. जेवण कमी आहे. रात्री घाम येतो. भात घरात आलं. यंदाचा तांदूळ चांगला झाला आहे, तुमच्यासाठी बाजूला काढला आहे.

कोंडाण्याची माणसं येणार होती ती आली नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की यंदा लग्न करायचं नाही. आई आधी म्हणाली, होतं असं, मामाला लिहू नको, पण मी पुन्हा विचारलं तेव्हा लिही म्हणाली. धोंडूबाईनं आपल्याकडून दूध घेणं बंद केलं. म्हणाली, सून बाळंतपणाला गेली, आता दूध लागत नाही. दुधाचं आई दही लावते.

आईचे आशीर्वाद.

मामा, आई गोठ्यात गेली आहे म्हणून पुढचं माझं लिहिते. एक विचारायचं होतं. तो पोस्टर काढला तर चालेल का? बाबा म्हणतात, सरकारी कागद आहे, फाडला तर गुन्हा होतो आणि मामाच्या नोकरीवर येईल. तुम्ही हो म्हणालात तर मी काढीन. नीट भिजवून काढीन, फाडणार नाही. काढला तर बरं होईल असं मला वाटतं. जास्त लिहिता येत नाही.

आपली,
जनी


खालापूर
१० जानेवारी १९८९

चि. जनीस,
अनेक आशीर्वाद.

आज दिवसभर कचेरीत होतो. वर्षाची आकडेवारी भरली. तुझं पत्र काल आलं.

तू माझ्यापाशी मोकळेपणाने विचारलंस ते चांगलं केलंस. पण पोस्टर काढू नये. तू सातवी पास मुलगी आहेस. त्यावर लिहिलेलं तुला वाचताना संकोच होत असेल, गाडीची वाट बघणारे पुरुष ते वाचतात तेव्हा दारात बसणं नको वाटत असेल, हे मी समजू शकतो. पण रोगाची माहिती देण्यात लाज धरायची नसते. आम्ही कुटुंब नियोजनाचे बोर्ड लावले तेव्हाही लोक तोंड फिरवत. पुढे तेच लोक विचारायला आले.

तुझे बाबा म्हणतात ते बरोबर आहे. सरकारी पोस्टर काढणं योग्य नाही. आणि माझ्या भाचीनेच काढला असं कळलं तर मी दुसऱ्यांना काय तोंडाने सांगणार?

शेळीने खालची पट्टी खाल्ली म्हणून सोबत दुसरा पोस्टर घडी करून पाठवतो आहे. जुना खराब झाला की त्याच्यावरच चिकटवावा. खळीत चिमूटभर मोरचूद घाल.

कोंडाण्याच्या स्थळाचं वाईट वाटून घेऊ नकोस. यांच्यापेक्षा चांगलं मिळेल. बाबांना गोळ्या न चुकता दे. आईस आशीर्वाद.

तुझा,
सहदेवमामा


खालापूर
२२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. मैना हीस,
आशीर्वाद. सहा आठवडे पत्र नाही. इकडे लसीकरणाची मोहीम चालू आहे, रविवारसुद्धा मिळत नाही. गोमाजींचं वजन वाढलं का? दोन महिन्यांत वाढायला हवं. शिमग्याला येतो. उलट टपाली कळव.

सहदेव


पोशीर
६ मार्च १९८९

ती. मामांस नमस्कार.
बाबा चार दिवस उठलेले नाहीत. काल थुंकीतून रक्त पडलं. आई म्हणते, मामाला कळवू नको, ते कामात असतील. मी कळवते आहे. या.

जनी


खालापूर
२४ मार्च १९८९

चि. ~~सौ.~~ मैना हीस,
अनेक आशीर्वाद.

वर 'सौ.' लिहून खोडलं आहे. हाताची सवय. दुसरा कागद घ्यायला हवा होता, पण इनलँड हा एकच होता.

काल कामावर हजर झालो. आज सकाळी दोन वस्त्यांवर गेलो, दुपारी परत आलो. कोणी काही विचारलं नाही.

तेराव्यापर्यंत तुझ्या घरी राहिलो, पण तुला विचारता आलं नाही. तूही बोलली नाहीस. तू भांडी घासत होतीस आणि मी ओटीवर बसून होतो. म्हणून लिहून विचारतो.

मी नऊ तारखेला दुपारी पोचलो तेव्हा ते गेले होते. एवढं पोशीर, पण तिरडी बांधायला गोमाजींचा भाऊ भिवाजी आणि भिवाजीचा मेव्हणा एवढेच होते. माणसं थांब्यावर उभी होती. पदू तोंडाला रुमाल लावून उभा होता. मी त्याला हाक मारली, तर त्याने नुसती मान हलवली. उचलायची वेळ झाली तेव्हा आम्ही तिघे, चौथा खांदा नाही. ठाकूरवाडीचा शुक्रा मोळी घेऊन रस्त्याने चालला होता. त्याने मोळी खाली ठेवली आणि काही न विचारता पुढे आला. चिता पेटल्यावर तो परत मोळी उचलून गेला. त्याला मी दोन शब्दही बोललो नाही, याची आता खंत वाटते.

तुझ्या घरी तेरा दिवसांत एकही बाई आली नाही. धोंडूबाई शेजारची, तीही नाही. मी वीस वर्षं आरोग्य खात्यात आहे, टीबीला लोक भितात हे मला माहीत आहे. पण टीबीच्या घरी खांदा द्यायला लोक येतात. असं मी कुठे पाहिलेलं नाही.

आणि दुसरं. टीबीने माणूस चार महिन्यांत असा जात नाही, गोळ्या पोटात जात असतील तर. गोळ्या तर चालू होत्या. मला समजत नाही. मैना, काय झालं ते मला लिही.

तुझा,
सहदेव


पोशीर
६ एप्रिल १९८९

दादास मैनाचा नमस्कार.

हे मी माझ्या हातानं लिवते. जनीला भिवाजी भावोजींकडं धाडलंय. चवथीनंतर पत्र लिवलं नाय, समजून घे.

तू इचारलंस म्हणून सांगते. तू भाऊबीजेला आलास. सकाळी यांच्याकडून बाटलीत थुंकी घेतलीस. आन दुपारी भिंतीवर कागद लावलास. सगळ्या गावात एकच कागद, तो आमच्या भिंतीवर. लोकांनी काय समजायचं? हिरूच्या घराला चुना फासला तो तूच. देवीच्या वक्ताला पोशीरला तू शिकवलंस का सहदेव डॉक्टर ज्या भिंतीवर खूण करतो त्या घरात जायचं नाय. आमी ते इसरलो होतो, गाव नाय इसरलं. पदू म्हणाला, सख्खा भाऊ लावून गेला म्हणजे तपासूनच लावला असंल, नायतर कोण आपल्या बहिणीच्या घराला लावंल?

तरी लोकांचं मी सोसलं असतं. पण यांनी पण तेच धरलं.

ट्रकवर असताना यांच्याकडून काय झालं असंल ते यांनी मला एकदा सांगितलं. ते मी लिवत नाय. नवराबायकोचं हाय. पण तू कागद लावलास तवा यांना वाटलं, थुंकी बघूनच दादाला कळलं. तुझं टीबीचं पत्र आलं, ते जनीनं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तुझा दादा चांगला माणूस. तुला धक्का बसू नाय म्हणून टीबी लिवतो. खरं ते त्यानं भिंतीवर लिवलंय." मी म्हटलं, गोळ्या घ्या. म्हणाले, "कागदावर काय हाय? औषध नाय. मंग ह्या गोळ्या कशाच्या? उगाच तुझं समाधान." माझ्या समोर गोळी तोंडात टाकायचे. आता माळ्यावर डब्यात सापडल्या. सगळ्या हायेत. थोड्या ओल्या होऊन सुकलेल्या, तोंडातून काढलेल्या.

जनीला तू दुसरा कागद धाडलास. तो यांनी मागून घेतला आन उशाखाली ठेवला. रोज काढून वाचायचे. त्याला खालची पट्टी होती. तिच्यावर लिवलंय का हात लावून, एकत्र जेवून हा रोग होत नाय. ते वाचून एवढंच म्हणाले, "बरं झालं. तुमा दोघींना नाय व्हायचं."

मी तुला आधी का नाय लिवलं? तू एवढ्या हौसेनं लावलास. खळ करताना गात होतास, भागीवयनी गेल्यावर पयल्यांदा तुला गाताना ऐकलं. कसं सांगू का तुझ्या कागदानं आमचं घर बाटलं? जनीनं इचारलं तर तू नको म्हणालास. मंग मी गप बसले.

तू इचारशील, राग हाय का? हाय. खोटं कशाला लिवू. पण तू माझा दादा, तुझ्याशिवाय लिवायला पण कोण हाय मला.

जनीला एकोणीस लागलं. कागद तसाच हाय. आता तरी सांग, काढू का?

मैना


खालापूर
१७ एप्रिल १९८९

चि. मैना हीस,
अनेक आशीर्वाद.

काल रविवार. सकाळच्या गाडीने निघालो, साडेनऊला तुझ्या दाराशी उतरलो. पाणी घेतलं. पोस्टर भिजवला, खरवडला, तू दिलेल्या शेणमातीने भिंत सारवली. जेवलो. तीनच्या गाडीने परत आलो. हे सगळं तू पाहिलंस. थांब्यावर काय बोलणं झालं ते तुला घरातून ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. जेवताना सांगायचं होतं. जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आल्यावर मी 'काढ' असं लिहिणार होतो. एका कार्डाचं काम होतं. पण मला वाटलं, मी लावला तो मीच काढावा, दिवसाउजेडी, थांब्यावर माणसं असताना. आणि सगळ्यांना सांगावं की गोमाजींना टीबी होता. रिपोर्ट मी खिशात नेला होता.

मी पाणी मारायला लागलो तेव्हा थांब्यावर सात-आठ माणसं होती. पदू होता. धोंडूबाई तिच्या ओट्यावर होती. लाल अक्षरं उन्हाने फिकट झाली होती, काळा रंग तसाच होता. मोठे तुकडे सहज निघाले, मधला भाग उलथन्याने खरवडावा लागला.

पदू म्हणाला, "काय डॉक्टर, काढला?"

मी म्हटलं, "काढतोय. पदू, इकडे ये. हा रिपोर्ट बघ. गोमाजींना टीबी होता. दुसरं काही नव्हतं."

त्याने कागद हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला. म्हणाला, "व्हय व्हय. घरच्या मानसानं तसंच सांगायचं असतं."

"अरे, थुंकीत टीबीचे जंतू सापडले. लिहिलंय इथे."

"आन रगत? रगत तपासलं का त्याचं?"

मला नाही म्हणावं लागलं. रक्त कोणी तपासलं नव्हतं. तपासायचं कारणच नव्हतं. पण ते 'नाही' ऐकून माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. मी अजून काही बोललो असतो. रोग कसा होतो, कसा होत नाही, ते मला पाठ आहे. पण वीस वर्षं मी यांना सांगत आलो, यांनी माझं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या खुणा तेवढ्या पाळल्या होत्या.

मग पदूने विचारलं, "ते जाऊ द्या. तुमी सोता आलात, सोता पुसलात. मंजी आता घर मोकळं?"

मैना, हे तुला ऐकू आलं असेल तर त्यापुढचंही ऐकू आलं असेल.

मला म्हणायचं होतं की घर कधी बंद नव्हतंच. ते खरं होतं. पण खरं सांगून मी आत्ताच पाहिलं होतं. आतून जनीने तांब्या आपटल्याचा आवाज आला. ती भांडी विसळत होती. मला कोंडाण्याची माणसं आठवली. पुढे दुसऱ्या गावची येतील, तीही आधी या थांब्यावरच उतरतील आणि आधी पदूलाच विचारतील.

मी म्हटलं, "हो. घर मोकळं."

पदूने तोंडावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. "बरं झालं," म्हणाला. "पोरीचं बघाया पायजे आता. माझ्या मेव्हणीकडं एक हाय, खांडपेला." आणि मी हात धुवत होतो तोवर धोंडूबाई लोटी घेऊन तुझ्या दाराशी आली, ते तू पाहिलंस. तू तिला दूध दिलंस. ती म्हणाली, "मैने, सून आली गं परत."

तुला हे लिहितो कारण तुला ते पटणार नाही. गोमाजींना नसलेला रोग मी त्यांच्या नावावर कायमचा ठेवून आलो. मोकळं म्हटलं म्हणजे आधी रोग होता, असाच त्याचा अर्थ. आता पोशीरमध्ये ते तसेच राहतील. ज्या माणसाला औषध होतं त्याच्या घरावर मी 'औषध नाही' असं लावून आलो, आणि काल ते काढतानाही त्याचंच नाव खर्ची घातलं. जनीचं जमलं तरी ते बरोबर होतं असं मी म्हणेन, असं मला वाटत नाही. तुला राग आहे असं तू लिहिलंस, तो असू दे.

जनीला सांग, तिने जानेवारीत विचारलं ते बरोबर होतं, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. तिला वेगळं लिहीन.

शुक्राच्या वाडीवर मी पुढच्या रविवारी जाणार आहे. काम काही नाही. भेटून येतो.

डब्यातल्या गोळ्या फेकू नकोस, चुलीतही टाकू नकोस. मी आलो की घेऊन जाईन.

आज शंभर पोस्टर नवीन आले. तेच आहेत. रोग खरा आहे आणि हायवेवर ते लागले पाहिजेत, त्याला इलाज नाही. प्रत्येकाच्या खाली मी बोरूने एक ओळ लिहितो आहे: 'खोकला असल्यास आधी थुंकी तपासा. टीबीला औषध आहे.' अजून वरच्यांनी पाहिलेलं नाही. घराच्या भिंतीवर यापुढे लावणार नाही. स्टँड, कचेरी, पूल, एवढ्याच ठिकाणी.

तीस झाले आहेत. सत्तर राहिले. स्टोव्हवर खळ ठेवली आहे, तिला बुडबुडे यायला लागले. मोरचूद घालून ढवळतो.

तुझा,
सहदेव